बिनओरखड्याची जाळी

१

मालकांनी ती जाळी भंगाराच्या खोक्यात टाकली, आणि तीही सगळ्या ड्रायव्हरांसमोर. ठण्णकन आवाज झाला. माझ्या सुनेने हाताची घडी घातली. ती चिडली की घडी घालते आणि मी चिडले की बोलते, म्हणूनच आमचं एका घरात निभतं.

"पुन्हा डिझेल गेलं," मालक म्हणाले. "संध्याकाळी टाकी भरलेली होती. सकाळी काटा निम्म्याच्याही खाली. तुमची जाळी काय झोपा काढत होती?"

मालकांच्या गाड्या औषधांची खोकी दुकानोदुकानी पोचवतात. दिवसभर फिरतात, संध्याकाळी आवारात येऊन उभ्या राहतात. मध्यंतरी बाहेरचे चोर भिंतीवरून यायचे, टाकीत रबरी नळी घालायचे आणि डिझेल ओढून न्यायचे. मालकांनी टाक्यांना कुलपाची झाकणं लावली. चोरांनी ती पहारीने उचकटली. झाकण गेलं, रंग गेला आणि डिझेल तर गेलंच. मग माझी सून पुढे आली.

तिची जाळी टाकीच्या तोंडातल्या नळीत बसते. पोलादी सळ्यांची आहे, खाली निमुळती होत जाते आणि आत वळणं घेते. डिझेल ओतलं की सरळ खाली उतरतं. चोराने नळी घातली की तिचं टोक पहिल्याच वळणात अडकतं. आणि बोल्ट असे, की पुरते आवळले की त्यांची डोकीच तुटून पडतात. पाना लावायला काही उरतच नाही. जाळी काढायची तर कापूनच काढावी लागते. हे सगळं तिने घरामागच्या शेडमध्ये, स्वतःच्या हाताने, वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेत केलं. मी सासू आहे, मी कौतुक करणारच. पण विमा कंपनीत आयुष्यभर मी आपटलेल्या, जळलेल्या आणि बुडवलेल्या गाड्या तपासल्या. चांगलं काम मला डोळे झाकून कळतं.

जाळ्या बसल्या आणि चोरी थांबली. मालक इतके खूश झाले, की बाकीच्या सगळ्या आवारांतल्या गाड्यांचं काम तिलाच द्यायचं ठरलं. तिने पोलाद आणून ठेवलं. दोन बायका हाताखाली घेतल्या. दोघी आपापल्या नोकऱ्या सोडून आल्या होत्या. आणि आता एका गाडीतून पुन्हा डिझेल जायला लागलं होतं. आठवड्यात एकदा, कधी दोनदा. मालकांनी त्या गाडीची जाळी ग्राइंडर लावून कापून काढली होती, तीच आता खोक्यात पडली होती.

"सोमवारी मी त्या कुलूपवाल्याशीच नव्या कुलपांचं पक्कं करून टाकतो," मालक म्हणाले. "माफ करा, पण शेडमधलं काम ते शेडमधलंच."

सूनबाईंची घडी आणखी घट्ट झाली. मग मी बोलले.

"सोमवारपर्यंत थांबणार आहात ना? मग तोवर चोर मी दाखवते."

"तुम्ही?"

"तुमच्यासारख्या किती मालकांचे खोटे दावे मी परत पाठवलेत. चोर शोधणं त्याहून सोपं असतं."

दोन ड्रायव्हर हसले. मी वाकून खोक्यातून जाळी उचलली, पर्समधलं भिंग काढलं आणि तिथेच उन्हात उभी राहून सळी न् सळी बघितली. रबरी नळी कितीही मऊ असो, ती दामटली की पोलादावर रबराची काळी रेघ राहते. तार घातली तर ओरखडा राहतो. या जाळीवर काहीही नव्हतं. घडली त्या दिवशी होती तशीच चकचकीत होती.

डिझेल गेलं होतं हे खरं. पण ते जाळीच्या वाटेने गेलेलं नव्हतं.

२

"टाकीला भोक असेल," मी म्हटलं.

"नाही," सून गाडीखालून म्हणाली. तिचे फक्त बूट दिसत होते. "टाकीच्या बुडाला धुळीचा जाड थर आहे, आई. कुणी बोट लावलं असतं तरी उमटलं असतं."

"इंजिनाकडे जाणारे पाइप?"

"क्लिपांवरसुद्धा धूळ आहे. खालचं बूच मी रंगाने बंद केलं होतं, तो रंगही तडकलेला नाही." ती घसरत बाहेर आली. नाकावर काळा डाग होता. "तोंडातून नाही, बुडातून नाही, पाइपातून नाही. मग गेलं कुठून?"

"काटाच बिघडला असेल."

"मालकांनी काटा तपासून घेतला. तो बरोबर आहे. आणि सकाळी पुन्हा भरायला गेलं की टाकी खरोखरच तेवढं डिझेल घेते. बिलं वाढलीत, म्हणून तर बोंब झाली."

म्हणजे डिझेल खरोखरच जात होतं. मी सुपरवायझरकडे गेले. सडपातळ, नीटनेटका माणूस, खिशाला दोन पेनं. त्याची पद्धत त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितली. संध्याकाळी गाड्या आपापल्या जागी लागल्या की तो एकेका गाडीत डोकावतो आणि काट्याचा फोटो काढतो. मग किल्ल्या त्याच्या कपाटात जातात. सकाळी गाड्या बाहेर पडताना फाटकापाशी रांग लागते, तिथे पुन्हा फोटो.

"संध्याकाळी फाटकापाशीच का नाही काढत?" मी विचारलं.

"मॅडम, संध्याकाळी सगळ्यांना घरी पळायचं असतं. फाटकात रांग लावली तर मला शिव्या बसतील."

"आणि किल्ल्या?"

"कपाट मी बंद करतो, सकाळी मीच उघडतो. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला." त्याने शर्ट वर करून दाखवली. मी काही मागितलं नव्हतं.

मग राहिला वॉचमन. फाटकाशेजारच्या खोलीत स्टुलावर बसलेला, वयाने माझ्याएवढा. सगळे त्याच्याकडे संशयाने बघत होते आणि ते त्याला कळत होतं. त्याने चहाचा कप माझ्या हातात दिला.

"ताई, मी झोपत नाही असं म्हणणार नाही," तो म्हणाला. "माणूस आहे, डुलकी लागते. पण एक सांगतो. डिझेल काढताना चार थेंब तरी सांडतात. पूर्वी चोरी व्हायची, तेव्हा सकाळी आवारात वास यायचा. दुपारपर्यंत जायचा नाही. आता डिझेल जातं आणि वास येत नाही. असं कधी झालंय का?"

"तुम्ही हे मालकांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, नाक तपासून घ्या."

मी चहा संपवला. या माणसाचं नाक ठीक होतं. आवारात डिझेल सांडलं नव्हतं, कारण आवारात कुणी ते काढलंच नव्हतं. पण मग भरलेली टाकी कुलूपबंद आवारात उभ्या उभ्या निम्मी कशी व्हायची? घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणायला लागलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूपवाल्याच्या दुकानात गेले. ज्याचा फायदा, त्याच्याकडे आधी बघायचं, ही माझी जुनी सवय. दुकान ऐसपैस होतं. भिंतभर टाकीची झाकणं टांगलेली, प्रत्येकावर त्याचं नाव ठळक अक्षरांत. माणूस पोटाने पुढे आणि बोलण्यात त्याहून पुढे.

"या, या. सूनबाईंची जाळी फसली म्हणे."

"फसली की नाही ते सोमवारी कळेल. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अहो, बातमी लपते का? बरं, वाईट वाटून घेऊ नका. वेल्डिंग हे हौसेचं काम नाही. घरच्या घरी पापडाची जाळी करावी, टाकीची कशाला?"

मी त्याच्याकडे बघून गोड हसले. मी असं हसले की घरातले सगळे खोलीबाहेर जातात, पण त्याला ते ठाऊक नव्हतं.

"तुमची कुलपं चोरांनी पहारीने उचकटली होती," मी म्हटलं. "सगळी."

"सगळी नाही," तो चटकन म्हणाला. "एका गाडीचं शाबूत होतं. त्यातूनही डिझेल जायचं ती गोष्ट वेगळी, पण कुलूप शाबूत होतं. ड्रायव्हरने स्वतः येऊन सांगितलं मला. म्हणाला, काका, माल तुमचाच चांगला. परवाही आला होता. तुमचंच कुलूप बरं होतं काका, परत तेच बसवायला सांगा मालकांना, म्हणाला."

"कोण हा ड्रायव्हर?"

"तो हो, सगळे ज्याला चकाचक म्हणतात. त्याच्याच गाडीतलं डिझेल जातंय ना आता. बिचारा."

मी पर्स उचलली. जाताजाता त्याच्या टेबलावर सुनेची जाळी ठेवली आणि म्हटलं, "यात नळी घालून दाखवा बघू."

त्याने दुकानातली नळी घेतली. घातली, फिरवली, दाबली, पुन्हा फिरवली. कपाळावर घाम आला. गिऱ्हाईक बघायला लागलं तसा त्याने नळी खाली ठेवली. मी जाळी पुसून परत पर्समध्ये टाकली. तपासाच्या दृष्टीने याची काही गरज नव्हती. मला बरं वाटलं, एवढंच.

पण रस्त्यावर आल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. कुलूप शाबूत, तरी डिझेल गायब. कुलपाची किल्ली तर ड्रायव्हरकडेच असायची.

४

चकाचकला मी आधीही पाहिलं होतं. त्याला न पाहणं शक्यच नव्हतं. बाकीच्या गाड्यांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ, आणि याची गाडी आरशासारखी. काम संपलं की तो ती धुण्याच्या जागेवर लावायचा, आवाराच्या कोपऱ्यात, जिथे पाणी मागच्या गटारात जावं म्हणून फरशी उताराची केलेली आहे. बाकीचे धुऊन झालं की गाडी आपल्या जागी नेतात. हा तिथेच सोडून जायचा. पाणी नीट निथळलं नाही तर डाग पडतात, असं त्याचं म्हणणं. मालक दर बैठकीत त्याचं उदाहरण द्यायचे.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गेले तेव्हा तो मागच्या चाकाला दगड लावत होता.

"या मावशी, आत बसा. सीट पुसलेलीच आहे."

मी शेजारच्या सीटवर बसले. आत अत्तराचा असा भपकारा, की डोळे चुरचुरले. डॅशबोर्डवर एक बाटली, आरशाला दुसरी, मागे औषधांच्या खोक्यांपाशी तिसरी.

"एवढं अत्तर?"

"दुकानदारांना प्रसन्न वाटतं," तो म्हणाला. "औषधाची गाडी, दवाखान्यासारखा वास कशाला?"

माझी स्टीलची पाण्याची बाटली मी पायाशी ठेवली होती. ती आडवी झाली आणि घरंगळत सीटखालून मागे गेली. चकाचक लगबगीने मागे गेला आणि घेऊन आला. मला मागे वाकूही दिलं नाही. फार अदबीचा माणूस.

"डिझेल कधी भरता?"

"संध्याकाळी परत येताना. टाकी फुल करतो, बिल सुपरवायझरना देतो. ते काटा बघतात, फोटो काढतात. त्यापुढे मी घरी. मावशी, मला तर माझ्याच गाडीची लाज वाटायला लागली आहे. सकाळी फाटकापाशी काटा खाली, सगळे माझ्याकडे बघतात."

"तुम्हाला कुणाचा संशय?"

त्याने आवाज खाली आणला. "कुणाचं नाव कसं घ्यायचं? पण वॉचमनकाकांचं वय झालंय. आणि ताईंनी जाळी मेहनतीने केली हो, पण शेवटी घरगुती काम. असो. आता जाळी काढलीच आहे. सोमवारी कुलूप बसलं की सुटलो."

"मी हरले म्हणायचं," मी म्हटलं. "माझ्याच्याने काही चोर सापडत नाही. आज शनिवार. सोमवारी सकाळी येऊन मालकांची माफी मागते आणि विषय संपवते."

त्याने मला हात देऊन खाली उतरवलं. उतरताना माझा पाय फरशीवर जरा सरकला. मी त्याचे आभार मानले. हरले असं मी म्हटलं ते खोटं होतं, पण फारसं खोटंही नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

५

रविवारी दुपारी शेडमध्ये गेले तर सूनबाई आवराआवर करत होत्या. हाताखालच्या दोघी हत्यारं पुसून ठेवत होत्या.

"मी यांना सांगितलं," ती म्हणाली, "की उद्या काम गेलं तर जुन्या ठिकाणी परत विचारून बघा."

"आणि तू?"

"मी बघेन काहीतरी." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आई, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, पुष्कळ झालं. मालक बरोबरही असतील. मला दिसत नाही अशी एखादी खोट असेल जाळीत."

हे ऐकून मला जे वाटलं ते सांगते. चोराचा राग आला, मालकांचा आला, पण सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं, की ही पोर स्वतःच्या कामावर शंका घ्यायला लागली होती. गाडी ठोकली तर दुरुस्त होते. माणसाचा स्वतःवरचा विश्वास ठोकला गेला की तो कुठल्या गॅरेजात न्यायचा?

"आधी आवरायला घेतलंस ते पुरं कर," मी रागानेच म्हटलं. "हातातलं अर्धं टाकू नये."

कामाची टाकी लाकडी घोडीवर ठेवलेली होती. मालकांच्या गाड्यांना असते तशीच, लांबट आणि चपटी. जाळ्यांची चाचणी ती याच टाकीवर घ्यायची. टाकीला खऱ्या गाडीचा काटाही जोडला होता. आत निम्मं डिझेल होतं आणि तिला ते डब्यात ओतून काढायचं होतं. दोघींनी टाकीचं एक टोक उचललं आणि खाली विटा सारल्या. डिझेल दुसऱ्या टोकाकडे धावलं, डुबुक असा आवाज आला.

मी सहज काट्याकडे बघितलं. काटा निम्म्यावरून उठला आणि हळूहळू, आळस देत, वर सरकायला लागला. पाऊण. मग त्याहून वर. मग भरलेल्याच्या खुणेला जाऊन टेकला.

"थांबा," मी म्हटलं. "कुणी टाकीत काही घातलं का?"

"नाही. आपण तर काढतोय," सून म्हणाली.

"मग काटा वर का गेला?"

"कारण आतला तरंगता गोळा मागच्या टोकाला आहे, आई. मागचं टोक खाली गेलं, डिझेल तिकडे जमलं, गोळा उचलला गेला. काट्याला काय, गोळा सांगेल ते खरं. सपाट ठेवली की पुन्हा—"

ती बोलता बोलता थांबली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर सीटखालून मागे घरंगळत गेलेली बाटली आली. चाकाला लावलेला दगड आला. निसरडी उतरती फरशी आली. आणि त्या माणसाला आवाराच्या त्याच कोपऱ्याचं इतकं प्रेम का, तेही कळलं.

"सूनबाई," मी म्हटलं, "तुझ्या जाळीत खोट नाही. उलट ती इतकी चांगली आहे, की तिच्यामुळेच ही सगळी भानगड झाली."

६

सोमवारी सकाळी मी कुणीही गाडी हलवायच्या आधी आवारात पोचले. मालक आले होते, कुलूपवाला नवा शर्ट घालून आला होता. ड्रायव्हर, सुपरवायझर, वॉचमन, सगळे होते. भंगाराचं खोकं जागच्या जागी होतं. मी पर्समधून जाळी काढली आणि परत त्यात टाकली. पुन्हा ठण्णकन आवाज झाला.

"माफी मागायला आलात ना?" मालकांनी विचारलं.

"माफीचं बघू. आधी सुपरवायझरना त्या चकाचक गाडीत बसवा, आहे तिथेच. शनिवारी संध्याकाळी काटा कुठे होता?"

"फुल," सुपरवायझर फोनमध्ये बघून म्हणाला.

"आणि आत्ता?"

त्याने किल्ली फिरवली, जरा वाट बघितली. "आत्ताही फुल आहे."

"म्हणजे शनिवार गेला, रविवार गेला, चोरी झाली नाही. जाळी नसतानाही. बरोबर?" मी मालकांकडे वळले. "आता हीच गाडी फाटकापर्यंत आणा. तुम्ही स्वतः चालवा. आम्ही सगळे बरोबर चालतो, म्हणजे मध्ये कुणी चोर चढायला नको."

खरं सांगते, मला पुरती खात्री नव्हती. शनिवारी चकाचकने हात मारला नसता, तर काटा जागचा हलला नसता आणि माझी शोभा झाली असती. पण त्या संध्याकाळी त्याने मला मागे वाकूही दिलं नव्हतं, आणि गाडीला जाळी नसल्याने आळ बाहेरच्या चोरांवरच जाणार होता. अशा वेळी हात आवरणारा माणूस तो नव्हता.

मालक चढले. गाडी उतारावरून निघाली, आवार ओलांडून फाटकापाशी सपाट जागेवर थांबली. मालक काट्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"खाली येतोय," ते म्हणाले. "हा काटा खाली येतोय."

"कुठवर?"

"निम्म्याच्या खाली."

वॉचमनने नाक वर करून हवा हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. वास नव्हता.

"या एवढ्या वाटेत, आपल्या सगळ्यांच्या देखत, कुणी डिझेल चोरलं का?" मी विचारलं. "मग ते शनिवारीही टाकीत नव्हतंच. टाकीची शेपटी खाली आली की थोडं डिझेलही काट्याला पुष्कळ दाखवतं. तुमचे सुपरवायझर संध्याकाळी फोटो काढतात तो उतारावर आणि सकाळी काढतात तो सपाटीवर. या दोन फोटोंच्या मध्ये रात्र येते, म्हणून चोरी रात्रीची वाटत होती."

सुपरवायझरने खिशातली पेनं चाचपली. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"पण बिल तर फुल टाकीचं असतं," मालक म्हणाले.

"पंपावर बिलाएवढं डिझेल सुटतं खरं. त्यातलं किती टाकीत गेलं आणि किती डब्यांत, ते बिल सांगत नाही. गाडीत तीन-तीन बाटल्या अत्तर कशाला लागतं, ते मागचं दार उघडून बघा."

खोक्यांच्या मागे, जादा चाकाच्या जागेत, ताडपत्रीखाली डबे होते. रिकामे, पण झाकण काढताच वॉचमनच्या ओळखीचा वास सगळ्या आवारात पसरला.

चकाचकने पळायचा प्रयत्न केला नाही. खाली बघत उभा राहिला. मेहुण्याची मालवाहू गाडी होती, पंपावरून येताना वाटेतच तिला हे डिझेल जायचं. पूर्वी कुलपाची किल्ली याच्याकडे होती, तेव्हा नळीने काढायचा आणि नाव बाहेरच्या चोरांचं व्हायचं. जाळी बसली आणि टाकीतून थेंब काढता येईना.

"म्हणून तुम्ही ते टाकीत जायच्या आधीच पळवायला लागलात," मी म्हटलं. "एकदा आत गेलं की या पोरीची जाळी ते सोडत नव्हती."

"पण माझ्या डोळ्यांसमोर असं करायची हिंमत कशी झाली?" मालक म्हणाले. "एकदा तरी पकडला गेला असतास."

चकाचकने मान वर केली. "कुणी माझ्याकडे बघितलंच नाही, साहेब. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, बाईच्या शेडमधली जाळी, टिकणार कशी. मला काही सांगावंच लागलं नाही."

मालक लाल झाले. कुलूपवाला नव्या शर्टाच्या बाह्या सारख्या करायला लागला. मी तोंड उघडलं होतं, पण सुनेने माझ्या दंडावर हात ठेवला. तिने घडी सोडली होती.

"मालक," ती म्हणाली, "जाळी सगळ्यांसमोर टाकली होतीत."

एवढंच. मालक भंगाराच्या खोक्यापाशी गेले, वाकले आणि जाळी बाहेर काढली. खिशातल्या रुमालाने ती पुसली. दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"सगळ्या आवारांच्या गाड्या," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तशा. आणि चुकलं माझं. काकांच्या नाकाचीही मी थट्टा केली होती. काका, चुकलं."

वॉचमन हसला आणि उगीचच फाटक थोडं आणखी उघडलं.

"काम घेते," सून म्हणाली. "पण आधी या गाडीला नवी जाळी बसवू. तुम्ही बसवायची. बोल्टाचं डोकं तुटेपर्यंत आवळा, मी सांगते कसं."

मग सगळ्या ड्रायव्हरांच्या घोळक्यात मालक गुडघ्यावर बसले आणि ती त्यांच्याशेजारी उभी राहून सांगत होती, डावीकडे धरा, झटका देऊ नका, आता जोर लावा. बोल्टाचं डोकं तुटून फरशीवर पडलं. तिने रबरी नळी मालकांच्या हातात दिली. त्यांनी घातली, फिरवली, दाबली. नळी पहिल्या वळणात अडकली. ड्रायव्हर टाळ्या वाजवायला लागले आणि त्या दिवशी हसलेले ते दोघे सगळ्यात जोरात वाजवत होते.

ती माझ्याकडे आली. नाकावर पुन्हा काळा डाग.

"पोरी, मला तुझा फार अभिमान वाटतो," मी म्हटलं. आमच्या घरात असलं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, रडताय?"

"छे. टाकीचं तोंड उघडं आहे. डिझेलचा वास डोळ्यांत गेला."

"त्या टाकीत डिझेल आहेच कुठे," ती म्हणाली, आणि ओढणीने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.